टायरच्या दुकानावरचा लाल ठिपका

फोनमध्ये डोकं घालून चालणाऱ्यांत दोन जाती असतात. एक, ज्यांना कुठं जायचंय तेच आठवत नाही. दुसरी, जे कुठं जायचंय तेच फोनमध्ये बघत असतात. ती दुसऱ्या जातीतली होती, आणि तरीही भरदुपारी टायरच्या चळतीवर जाऊन आदळली.

चळत हलली. सगळ्यात वरचा टायर जरा डुलला, पडू की नको असा विचार केल्यासारखा थांबला आणि शेवटी पडला. त्याच्या पोटातलं काळपट पाणी भसकन तिच्या पायांवर सांडलं.

"टायर घ्यायचा असेल तर अंगावर घ्यायची गरज नाही, मॅडम," आतून आवाज आला. "आम्ही गाडीला लावून देतो."

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. ही खाली वाकली. फरशीवरच्या ओघळाकडे बघता बघता तिचा चेहरा असा काही उजळला, की हरवलेलं कानातलं सापडल्यावरही बायकांचा इतका उजळत नाही.

"आळ्या! बघा, बघा... किती छान मिळाल्या!"

दुकानदार बाहेर आला. तरुण होता, हात कोपरापर्यंत काळे, कानामागे पंक्चरची खूण करायचा खडू. त्यानं पाण्यात वळवळणाऱ्या त्या बारीक शेपट्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं ते जरा जास्तच वेळ.

"ही आनंदाची बातमी आहे का?"

"माझ्यासाठी आहे. तुमच्यासाठी नाही. या डासाच्या आळ्या आहेत, ताप आणणाऱ्या डासाच्या. तुमचं दुकान आता लाल झालं."

"लाल? आत्ताच तर निळा रंग मारलाय."

तिनं फोन त्याच्यासमोर धरला. पडद्यावर त्यांचं अख्खं शहर होतं: गल्ल्या, गच्च्या, टाक्या, नळाचे कोपरे. आणि त्यात त्याच्या दुकानावर, कुंकवाच्या बोटाएवढा, एक लाल ठिपका नुकताच उमटला होता.

गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर त्याचे काका पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न करताच ते म्हणाले, "चला. वीस वर्षं दुकान चालवतोय, पण कुठल्या नकाशात पहिल्यांदा आलं."

*

आता या नकाशाचं सांगायला हवं, कारण पुढचे सगळे घोटाळे त्याच्याच पोटातून निघाले.

ती शहराच्या कीटक-नियंत्रण विभागात होती. तिच्या आधी तिथं साधा हिशेब होता: ज्याचा आवाज मोठा, त्याच्या गल्लीत धूर आधी. ज्याला ओरडता येत नाही त्यानं डास मारत बसावं. हिनं येऊन सगळं शहर संगणकावर चढवलं. जिथं आळ्या सापडतील तिथं लाल ठिपका, जिथं संशय तिथं पिवळा, जिथं सगळं ठीक तिथं हिरवा. रोज सकाळी यंत्र आपणहून कामाचा क्रम लावून द्यायचं. आधी लाल, मग पिवळे, आणि दिवसात जेवढं बसेल तेवढंच. उरलेलं उद्यावर. ओरडणाऱ्यांचा घसा बसला आणि शहराचा ताप बऱ्यापैकी उतरला.

लाल ठिपका हिरवा व्हायचा एकच मार्ग होता. डासाला अंड्यातून उडण्यापर्यंत साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा तपासणी, आणि सलग तीन तपासण्या स्वच्छ. मध्ये एकदा जरी आळी दिसली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नियम तिचाच होता, आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

खुर्चीत बसून नकाशा काढणाऱ्यानं आठवड्यातून एकदा त्या नकाशात चालून यावं, हाही तिचाच नियम. त्यासाठी तिनं मंगळवार ठेवला होता. बरोबर असायचे धूरमामा. पाठीवर धुराचं यंत्र घेऊन त्यांनी इतकी वर्षं काढली होती, की घरचेसुद्धा त्यांना याच नावानं हाक मारत.

पुढच्या मंगळवारी दोघं दुकानात गेले, तर दुकान ओळखू येईना. जुने टायर पत्र्याच्या छपराखाली रचलेले, प्रत्येकाला खाली पाणी गळून जायला भोक पाडलेलं. पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलंसुद्धा पालथं घातलेलं.

"स्वच्छ," ती म्हणाली. का कोण जाणे, जरा नाखुशीनंच.

"नीट बघा," तो म्हणाला. "घाई करू नका. एकेक टायर हातात घेऊन बघा. आम्ही प्रामाणिक माणसं आहोत, तपासणीला घाबरत नाही."

"दोनशे टायर आहेत."

"म्हणून तर चहा सांगितलाय."

त्याच्या पुढच्या मंगळवारीही स्वच्छ. त्या दिवशी त्यानं विचारलं, "चावतात ते नर की माद्या?"

"फक्त माद्या."

"वाटलंच होतं."

"नर नुसतेच गुणगुणत फिरतात," ती टायरमध्ये बॅटरी मारत म्हणाली. "कामाचे काही नसतात."

गल्ल्यावरचा पेपर हसल्यासारखा हलला. धूरमामांनी खोकल्याचा आधार घेतला.

तिसरा मंगळवार आला. आज स्वच्छ निघालं की ठिपका हिरवा, आणि हिरव्या ठिपक्याकडे कुणी वर्षातून एखाद-दोनदाच फिरकतं. त्या सकाळी ती आरशासमोर जरा जास्त रेंगाळली. कशाला, असं तिनं स्वतःला विचारलं नाही. हिशेबाला पक्की माणसं नको ते प्रश्न विचारतच नाहीत.

आणि कोपऱ्यातल्या चळतीत, खालून तिसऱ्या टायरमध्ये, तिला पाणी दिसलं. बॅटरीच्या उजेडाबरोबर आळ्या सुर्रकन तळाशी गेल्या.

"आळ्या!" ती म्हणाली.

"अरेरे!" तो म्हणाला.

दोघांच्याही आवाजात दुःख म्हणून शोधायला गेलं असतं, तर बॅटरी लावूनसुद्धा सापडलं नसतं.

*

मोजणी पुन्हा सुरू झाली. एक मंगळवार स्वच्छ, दुसरा स्वच्छ. मधल्या वेळात तिला कळलं की त्याला हातानं नुसतं चाचपून टायर किती चाललाय ते सांगता येतं. त्याला कळलं की तिला रस्त्यानं जाताना कुणाच्या कुंडीखालची बशीसुद्धा सरळ डोळ्यांनी बघता येत नाही. ती आली की तो कपाळावरचा घाम मनगटानं पुसायचा आणि तिथं काळा पट्टा उठायचा. ती त्याला ते सांगायची नाही... बघत राहायची.

तिसऱ्या मंगळवारी पुन्हा लाल. पुन्हा तीच चळत, तोच टायर.

या वेळी मात्र ती त्या पाण्यावर जरा जास्तच वेळ वाकून राहिली. वर पत्र्याचं छप्पर होतं. आठवडाभर आभाळातून थेंब पडला नव्हता. पाण्यावर ना धूळ, ना पान. काचेसारखं नितळ, नळाखालून आत्ताच आल्यासारखं. आणि दुकानातल्या एकूण एक टायरला भोक होतं, याच एकाला नव्हतं.

"या टायरला भोक पाडायचं राहिलं वाटतं," धूरमामा म्हणाले.

"राहिलं असेल," तो म्हणाला.

"दर वेळी हाच राहतो."

तिनं बोटानं फोनवर लाल दाबलं, आणि तिचे कान त्याहून लाल झाले. तिनं खोटं काही लिहिलं नव्हतं. आळ्या होत्या, म्हणून ठिपका लाल. फक्त त्या का होत्या, हे नकाशानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तो टायर तिथल्या तिथं उचलून बाहेर टाकायला किती वेळ लागला असता? पण तिनं पाणी तेवढं ओतून दिलं, टायर जागच्या जागी ठेवला आणि म्हणाली, "येते... पुढच्या मंगळवारी."

"या ना," तो म्हणाला. "लालच आहे."

*

हिशेबात एक वाईट खोड असते. आपण एका बाजूला चोरून जे लिहितो, ते दुसऱ्या बाजूला कुठंतरी उघडपणे उमटतं.

त्याच आठवड्यात नकाशावर निळा ठिपका उठला. निळा म्हणजे माणूस, तापाचा रुग्ण. टायरच्या दुकानाच्या पाठच्या गल्लीतल्या शिंपीणमावशी. दवाखान्यात भरती केलंय, अंगावर पुरळ, हाडं मोडल्यासारखी दुखतायत.

तिनं सवयीनं निळ्या ठिपक्याभोवती डास उडू शकतो तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढलं. वर्तुळाच्या कडेला टायरचं दुकान आलं. मग तिनं बघितलं, या पाठच्या गल्लीत आपण शेवटचं कधी गेलो? गल्ली पिवळी होती. यंत्रानं ती मंगळवारच्या कामात धरली होती आणि वेळ पुरला नाही म्हणून पुढच्या मंगळवारवर ढकलली होती. मग पुन्हा ढकलली होती. वेळ का पुरला नाही, हे यंत्राला ठाऊक नव्हतं. तिला होतं. एका लाल ठिपक्यावर दोनशे टायर, दोन चहा आणि अर्धी दुपार.

तिनं टेबलावर डोकं टेकवलं. ओरडणाऱ्यांच्या गल्लीत आधी धूर जायचा, म्हणून हिनं नकाशा केला होता. आणि आता? आता आवडणाऱ्याच्या दुकानात आधी बॅटरी जात होती. फरक तो काय राहिला?

ती उठली. मंगळवार नव्हता.

"आज कशी वाट चुकलात?" तिला बघून तो इतका खुलला की हातातला पाना टेबलाऐवजी हवेतच ठेवला. पाना पायावर पडला. "आई गं..."

"तो टायर काढा," ती म्हणाली.

"कुठला?"

"तुम्हाला माहितीय कुठला."

त्यानं मुकाट्यानं खालून तिसरा टायर ओढून काढला. आतलं पाणी डुचमळलं. म्हणजे पुढच्या मंगळवारची तयारीही झाली होती!

"हे पाणी कुठलं?"

"...नळाचं."

"का?"

तो पायाच्या बोटाकडे बघत राहिला. "हिरवं झालं असतं," तो शेवटी म्हणाला. "पण मी नुसतं पाणीच घातलं होतं, खरंच. आळ्या नव्हत्या घातल्या. म्हटलं, टायर ओला दिसला की तुम्ही रागवाल आणि राग उतरायला एक मंगळवार जाईल. आळ्या कुठनं आल्या, मलाच कळेना."

"अंडी आतून रबराला चिकटलेली असतात. कोरडी, महिनोन्‌महिने. पाणी मिळेपर्यंत तशीच वाट बघत राहतात."

"म्हणजे माझ्यासारखीच..."

"विनोद नको!" तिचा आवाज चिरकला. "पाठच्या गल्लीतल्या शिंपीणमावशी दवाखान्यात आहेत. तापानं."

त्याचा चेहरा एकदम उतरला. हसू गेलं, रंग गेला, कानामागचा खडूसुद्धा घरंगळून खाली पडला. "मावशी? माझे शाळेचे कपडे तिनंच शिवलेत. अजून म्हणते, तुझा एक खांदा खाली आहे..." तो टायरकडे बघत राहिला. "यातल्या डासानं?"

"माहीत नाही. यातला असेल, नाहीतर पाठच्या गल्लीत मी न पाहिलेल्या कुठल्या टाकीतला असेल. डास पत्ता सांगून चावत नाही." तिनं श्वास घेतला. आता जे बोलायचं होतं ते त्याच्यापेक्षा स्वतःलाच ऐकवायचं होतं. "आणि मी ती टाकी पाहिली नाही, कारण मी इथं बसले होते. पाणी नळाचं आहे हे मला कळलं होतं... मागच्या वेळीच."

बाहेरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

"मला तर पहिल्याच वेळी कळलं होतं," पेपराआडून काका म्हणाले. "बादली माझी होती."

त्यानं भोक पाडायचं यंत्र उचललं, टायरला एक नाही, चार भोकं पाडली. मग भिंतीवरून ट्रकच्या जुन्या ट्यूबा काढल्या, कात्री घेतली आणि शटर अर्धं ओढलं.

"काका, दुकान बघा. मी पाठच्या गल्लीत जातोय."

"कुणाबरोबर, ते नाही विचारत," काका म्हणाले.

*

त्या दिवशी दोघांनी आणि धूरमामांनी पाठची गल्ली घर न घर धुंडाळली. शिंपीणमावशींच्या गच्चीवर झाकण फुटलेली टाकी निघाली, आणि तिच्यात आळ्यांची नुसती जत्रा. शेजारी दोन पिंपं, त्यांचीही तीच कथा. टाक्यांना झाकणं आणायची तर विभागाच्या कारभारात महिना गेला असता. त्यानं गच्चीवरच मांडी घातली, ट्यूब कापली, ताणून टाकीच्या तोंडावर बसवली आणि वरून पट्टा आवळला. ढोलावर कातडं चढवावं तशी. तिनं बोटानं वाजवून पाहिलं.

"डास काय, आवाजसुद्धा आत जाणार नाही," तो म्हणाला. विनोदाच्या सुरात नाही. त्या दिवशी त्यानं दुसरा विनोद केला नाही, आणि तिला तो त्या दिवशी जास्त आवडला.

संध्याकाळपर्यंत गल्लीतली प्रत्येक उघडी टाकी काळ्या रबराची टोपी घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या साहेबांसमोर उभी राहिली आणि काय झालं ते सांगितलं. सगळं सांगितलं; चहा सोडून. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि विचारलं, "मग यावर उपाय?" उपाय ती घेऊनच आली होती. जो ठिपका पुन्हा पुन्हा लाल होतो, तिथं पुढच्या तपासण्या दुसऱ्या माणसानं करायच्या. यंत्रात तसा नियम तिनं स्वतःच्या हातानं घातला. आणि त्या नियमाखाली पहिलं दुकान कुठलं आलं, हे सांगायला नकोच.

मंगळवारी धूरमामा एकटेच गेले.

"दुकान स्वच्छ," परत आल्यावर त्यांनी सांगितलं. "दुकानदार मात्र बरा दिसत नाही."

"काय झालं?"

"लक्षणं सांगू? जेवण नाही, ट्रकला मोटारीचा टायर लावत होता, आणि माझ्यामागं कुणी येतंय का म्हणून दाराकडे बघत होता. निळा ठिपका देऊ का?"

"मामा!"

"नाही, विचारलं आपलं."

दुसऱ्या मंगळवारी धूरमामांनी शिंपीणमावशींची खबरही आणली. ताप उतरलाय, घरी आल्यात, गळ्यात टेप अडकवून अंथरुणातूनच हुकूम सोडतायत. टाकीवरचं रबर त्यांनी बघितलं म्हणे, आणि विचारलं, "हे काम कुणाचं? कात्री वाकडी चाललीय, पण मन लावून चाललीय." मग कुणीतरी सगळी हकिगत सांगितली. तेव्हा त्या इतक्या हसल्या की डॉक्टरांना बोलवायची वेळ आली. "ताप माझ्या अंगावर काढला," म्हणाल्या, "आता निदान कपडे तरी मला शिवू द्या!"

तिसऱ्या मंगळवारी धूरमामांनी दुरूनच अंगठा दाखवला. तिनं संगणकावर दुकान शोधलं. शोधायचं कशाला, बोट आपणहून तिथं गेलं. तिनं हिरवं दाबलं. लाल ठिपका क्षणभर थरथरला आणि हिरवा झाला. इतर हजारो हिरव्या ठिपक्यांसारखा, ज्यांच्याकडे जायचं काही कारण नसतं.

*

पुढच्या मंगळवारी, उन्हं जरा कलल्यावर, टायरच्या दुकानासमोर एक स्कूटर आली. चालवत नाही, ढकलत. मागचं चाक पार बसलेलं.

तो खाटकन उभा राहिला. काकांनी पेपर डोळ्यांपर्यंत वर घेतला.

"पंक्चर आहे," ती धापा टाकत म्हणाली. "बघता?"

"बघतो की," तो म्हणाला. "बघायचंच काम आहे आपलं."

त्यानं चाक फिरवून पाहिलं. खिळा नव्हता, काच नव्हती. साबणाचं पाणी फवारलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. मग त्यानं हवा भरायच्या नळीची टोपी काढली, आत वाकून बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला. खांदे हलायला लागले.

"काय झालं?" तिनं विचारलं. आवाज नको तितका साधा होता.

"आतली पिन सैल आहे. कुणीतरी हातानं हवा सोडलीय."

"रस्त्यावरची मुलं... करत असतील."

"करतात ना. पण मुलं टोपी परत लावत नाहीत." त्यानं ती चिमुकली टोपी तिच्यासमोर धरली. "आणि ही कशी, अगदी नियमानं घट्ट लावलीय."

ती त्या टोपीकडे बघत राहिली. आपली नीटनेटकेपणाची सवय एक दिवस आपल्याला खाणार, हे आई सांगायचीच.

"ऑफिसपासून ढकलत आणलीत?"

"नाही," ती म्हणाली. आता लपवण्यात काय अर्थ होता? "त्या कोपऱ्यापासून."

तो हसला. त्याचं हसू तिला लागलं, तिचं काकांना लागलं आणि पेपर शेवटी खाली आला. "चला," काका म्हणाले, "पाणी घालण्यापेक्षा हे बरं. हवा सोडल्यानं कुणाला ताप येत नाही."

त्यानं मनगटानं कपाळ पुसलं. काळा पट्टा उठला. या वेळी तिनं ओढणीच्या टोकानं तो पुसला, आणि मग आपण काय केलं ते कळून हात तसाच हवेत राहिला...

"असल्या पंक्चरचा भरवसा नसतो," तो हळू आवाजात म्हणाला. "सलग तीन मंगळवार तपासावं लागेल. आमचाही नियम आहे."

"आणि तीनही वेळा ठीक निघालं तर?"

"तर चौथ्या मंगळवारी काकांना घेऊन तुमच्या घरी येतो. रीतसर विचारायला." घसा खाकरून तो पुढं म्हणाला, "तोवर तुम्हाला... तुला चालेल ना थांबायला?"

त्या 'तुला'वर तिनं जरा वेळ घेतला. हिशेब तपासून झाल्यावर सही करायच्या आधी घेतात तेवढाच.

"मंगळवारी मला काम असतं," ती म्हणाली. "रविवारी ये. याच."

"आणि नियम?"

"नियम डासांसाठी आहेत."

काकांनी गल्ल्यावरचं चष्म्याचं घर उचललं आणि, न विचारताच, रविवारच्या कपड्यांचं माप द्यायला म्हणून ते पाठच्या गल्लीकडे निघाले.

हवा भरायला दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी अख्खी संध्याकाळ लागली. पण ती रजा टाकून आली होती, त्या मंगळवारी धूरमामा पाठच्या गल्लीतून फिरत होते, आणि शहरातलं एकही घर या दोघांपायी खोळंबून राहिलं नव्हतं.